फुटबॉल-व्यवस्थापनाच्या संगणकीय खेळांतील व्यूह आणि माणूस

फुटबॉलच्या डावपेचांचा इतिहास लिहिणारे बहुधा एकाच वाटेने जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन बचावपटू, तीन हाफ आणि पाच आघाडीचे खेळाडू ह्या रचनेपासून आरंभ होतो. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला आणि आक्रमक खेळाडूच्या पुढे प्रतिपक्षाचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालू लागले. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधल्या हाफला मागे घेऊन तिसरा बचावपटू बनविला. पुढे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडचा ६-३ असा पराभव करून त्या रचनेचा फोलपणा उघड केला. १९५८ चे ब्राझील, १९६६ चे इंग्लंड, १९७४ चे हॉलंड अशी ही वंशावळ पुढे चालते. व्यूहातून व्यूह जन्म घेतो, आणि माणसे येतात ती बहुतेक त्या व्यूहांची उदाहरणे म्हणून.

ह्याच विषयावर संगणकाने रचलेल्या खेळांचा इतिहास पाहू गेल्यास क्रम नेमका उलटा आढळतो. तेथे प्रथम माणूस येतो आणि व्यूह मागाहून. ज्या खेळांना ‘फुटबॉल मॅनेजर’ किंवा तत्सम नावांनी ओळखले जाते, त्यांत खेळणारा स्वतः चेंडूला पाय लावीत नाही. तो संघाचा व्यवस्थापक असतो. खेळाडू विकत घेणे, अकरा जण निवडणे, त्यांना जागा नेमून देणे, त्यांची मने सांभाळणे ही त्याची कामे होत. सामना यंत्र खेळते आणि निकाल त्याच्या हाती ठेवते.

ह्या प्रकारातील पहिला सर्वपरिचित खेळ केव्हिन टॉम्स ह्या इंग्रज प्रोग्रॅमरने १९८२ मध्ये आपल्या ‘ॲडिक्टिव्ह गेम्स’ ह्या संस्थेमार्फत विक्रीस आणला. त्याचे नाव ‘फुटबॉल मॅनेजर’ असेच होते. तो झेडएक्स-८१ ह्या लहान घरगुती यंत्रावर चालत असे. यंत्राची मूळ स्मृती एक किलोबाइट, आणि खेळासाठी १६ किलोबाइटची जोड त्याला द्यावी लागे. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. खेळाडूच्या कौशल्याची मोजणी १ ते ५ ह्या श्रेणीत होई. सामना खेळला की त्याची ऊर्जा घटे, विश्रांती दिली की वाढे. सामन्यापूर्वी दोन्ही संघांचा एक तक्ता पडद्यावर येई आणि त्यात पाच बाबी असत : ऊर्जा, मनोधैर्य, बचाव, मधली फळी आणि आक्रमण. जिंकले की मनोधैर्य चढे, हरले की उतरे. व्यूह म्हणावे असे त्यात जवळजवळ काहीच नव्हते. कोणत्या फळीत किती जण घ्यावयाचे, एवढीच व्यवस्थापकाची युद्धनीती.

मनोधैर्य ही फुटबॉलमधील सर्वांत अदृश्य गोष्ट. ती पहिल्याच खेळात आली आणि मैदानावर कोणालाही डोळ्यांनी दिसणारी रचना मात्र आली नाही, ह्याचे आश्चर्य वाटण्याजोगे आहे. परंतु कारण साधे आहे. मनोधैर्य एका आकड्यात मावते. व्यूह मावत नाही. त्यासाठी अकरा अधिक अकरा माणसांची जागा, त्यांची हालचाल आणि प्रत्येक क्षणी बदलणारे अंतर ह्यांचा हिशेब ठेवावा लागतो. तो ठेवण्याची ऐपत १९८२ च्या यंत्रात नव्हती. मैदानाकडे पाहणाऱ्या बातमीदाराला मात्र ह्याच्या उलट सोयीचे होते. रचना त्याला दिसे आणि कागदावर काढता येई. मनाची नोंद करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. ज्याची नोंद सुलभ, त्याचा इतिहास प्रथम लिहिला जातो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही. जमाखर्चाचे कागद विपुल राहिले म्हणून पेशवाईच्या महसुलाविषयी जे सांगता येते, ते त्याच काळातील रयतेच्या मनाविषयी सांगता येत नाही.

व्यूहाला खरी जागा मिळाली ती १९९२ मध्ये. पॉल आणि ऑलिव्हर कोलियर ह्या दोघा भावांनी रचलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत संघ खरे होते, परंतु खेळाडूंची नावे कल्पित. १९९३ मध्ये खरी नावे आली, आणि ह्या एका बदलाने खेळाचे स्वरूप पालटले. तोपर्यंत तो एक पट होता. आता तो जिवंत माणसांविषयी विधाने करू लागला. सामना अद्याप शब्दांतूनच सांगितला जाई. पडद्यावर वाक्ये उमटत आणि गोल झाला की लुकलुकत. मैदान वरून पाहण्याची सोय २००३ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ४’ मध्ये झाली. त्यानंतर प्रकाशक आयडॉस आणि कोलियर बंधूंची ‘स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था विभक्त झाली. जुने नाव प्रकाशकाकडे राहिले, आणि २००४ च्या अखेरीस ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ ह्या नावाने, सेगा कंपनीमार्फत, संस्थेने आपली परंपरा पुढे चालू ठेवली. टॉम्सच्या खेळाचे नाव असे बावीस वर्षांनी दुसऱ्या घराण्यात दत्तक गेले.

सामना दिसू लागला तसा व्यूहाचा विस्तार झाला. पण त्याबरोबर एक विपरीत प्रकारही घडला. व्यूह म्हणजे प्रतिपक्षाला उत्तर, असा मैदानावरील अर्थ आहे. यंत्रात व्यूहाचा दुसराच अर्थ रूढ झाला : यंत्राच्या गणितातील छिद्र शोधणे. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०३/०४’ च्या काळात ‘डायाब्लो’ नावाची एक रचना खेळणाऱ्यांमध्ये गाजली. तिच्यात मधल्या फळीतला एक खेळाडू अशा मार्गाने पुढे धावे की, यंत्रातील बचावपटूंना त्याला अडविता येत नसे. परिणामी सामान्य कुवतीचा माणूसही गोलांच्या राशी रचू लागला. हिला फुटबॉलचे ज्ञान म्हणावे काय? चॅपमनचा तिसरा बचावपटू हा नियमातील बदलाला दिलेला प्रतिसाद होता, तर ‘डायाब्लो’ हा प्रोग्रॅममधील उणिवेला. तरीही दोहोंतील भेद वाटतो तितका स्वच्छ नाही. ऑफसाइडचा जुना नियम बदलावा लागला तोही त्याच्या फटीत बचावपटूंनी सापळा रचला म्हणूनच. भेद असलाच तर हा की, मैदानावर फट बुजविण्यास वर्षे लागली आणि नियमकर्त्यांची सभा लागली. यंत्रात पुढील आवृत्ती पुरेशी होते.

माणसांच्या बाजूला खेळ कसा वाढला हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. टॉम्सची एक ते पाच ही श्रेणी जाऊन तिच्या जागी एक ते वीस अशी मोजणी आली, आणि एका कौशल्याऐवजी अनेक गुण आले. ‘फुटबॉल मॅनेजर’च्या स्थिरावलेल्या पद्धतीत गोलरक्षक वगळता प्रत्येक खेळाडूचे ३६ गुण पडद्यावर दिसत : तंत्राचे १४, मनाचे १४ आणि शरीराचे ८. तंत्र आणि मन ह्यांना समान संख्या मिळावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. निश्चय, धैर्य, एकाग्रता, नेतृत्व ह्या गोष्टी पास देण्याच्या किंवा हेडर मारण्याच्या बरोबरीने मोजल्या गेल्या. ह्यापलीकडे काही गुण झाकलेले असत. महत्त्वाकांक्षा, निष्ठा, व्यावसायिकता, दडपण सोसण्याची शक्ती ह्यांचे आकडे व्यवस्थापकाला दिसत नसत. त्यांच्याऐवजी स्वभावाचे वर्णन करणारा एखाददुसरा शब्द तेवढा समोर येई. एका माणसाच्या मनाचा दुसऱ्याला अंदाजच करता येतो, हे सत्य खेळाने ह्या आडपडद्याने मान्य केले. अर्थात पडद्यामागे आकडा होताच.

पुढे २००५ च्या अखेरीस आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २००६’ मध्ये सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात संघाशी बोलण्याची सोय झाली. २०१८ च्या आवृत्तीत खेळाडूंचे गट, त्यांतील ज्येष्ठ-कनिष्ठ, कोणाच्या नाराजीने किती जण नाराज होतात ह्याची मांडणी आली. संघाचा एकच मनोधैर्याचा आकडा होता, त्याच्या जागी एक छोटा समाज उभा राहिला. वचन देऊन न पाळल्यास खेळाडू रुसतो आणि त्याचे मित्रही त्याच्या बाजूने उभे राहतात. हे सारे जिवंत वाटते खरे; परंतु व्यवस्थापक जे बोलतो ते ठरावीक वाक्यांतून निवडलेले असते, आणि काही हंगामांनंतर कोणत्या प्रसंगी कोणते वाक्य लागू पडते हे खेळणाऱ्याला पाठ होते. मग तेथेही ‘डायाब्लो’च.

व्यूह आणि माणूस ह्यांची सरमिसळ एका शब्दात पाहावयास मिळते. बायर्न म्युनिचचा थॉमस म्युलर ह्याला २०११ मध्ये आपल्या खेळाचे वर्णन करण्यास रूढ शब्द सापडेना, तेव्हा त्याने स्वतःला ‘राउमडॉइटर’, म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा, असे म्हटले. एका माणसाने स्वतःच्या स्वभावासाठी घडविलेला हा शब्द काही वर्षांत खेळातील भूमिकांच्या यादीत जाऊन बसला. मग कोणत्याही संघाच्या कोणत्याही विंगरला ती भूमिका देता येऊ लागली. व्यक्तीची लकब व्यूहाचे पद झाली.

ह्या खेळांनी गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये. खेळणाऱ्याला पहिल्या क्षणापासून संघ निवडण्याचा पूर्ण अधिकार असतो. हा अधिकार स्वयंभू नाही. इंग्लंडमधील क्लबांत तो दीर्घकाळ संचालकांकडे होता, आणि तो व्यवस्थापकाच्या हाती एकवटण्याच्या प्रक्रियेत चॅपमनचे नाव अग्रभागी आहे. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत तर १९४६ ते १९६२ पर्यंत व्यवस्थापक असलेल्या वॉल्टर विंटरबॉटमला निवडसमितीच्या संमतीने चालावे लागे. ते बंधन सुटले ते आल्फ रॅम्झीच्या वेळी, १९६३ मध्ये. खेळाडूच्या बाजूनेही तेच. वेतनाची कमाल मर्यादा १९६१ मध्ये गेली. करार संपलेल्या खेळाडूला विनामूल्य दुसरीकडे जाण्याचा हक्क १९९५ च्या बॉस्मन निकालाने मिळाला. सर्वाधिकारी व्यवस्थापक आणि मुक्त खेळाडू ही खेळातील दोन पात्रे नैसर्गिक वाटतात. त्यांपैकी एक साठ-सत्तर वर्षांचे आणि दुसरे तीसएक वर्षांचे आहे.

आता आकड्यांच्या प्रामाण्याविषयी. फुटबॉलची मोजणी यंत्राच्या आधीची आहे. ब्रिटिश हवाई दलातील चार्ल्स रीप ह्याने १८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथील सामन्याच्या मध्यंतरानंतर वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक हल्ल्याची नोंद करण्यास आरंभ केला. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन ह्यांच्यासह त्याने आपले निष्कर्ष राजसंख्याशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात मांडले. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, ही त्याची नोंद खरी होती. परंतु बहुतेक हल्ले मुळातच तितक्या पासांत संपतात, हे ध्यानात न घेतल्याने त्याने काढलेली लांब चेंडू मारण्याची नीती डळमळीत पायावर उभी राहिली. मोजणी बरोबर आणि अर्थ चूक, असे हे उदाहरण होय.

संगणकीय खेळात मोजणीच कोणी केली हा प्रश्न येतो. खेळाडूंचे गुण ठरविण्यासाठी देशोदेशी संशोधक नेमलेले असतात. त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे आणि त्यांतील पुष्कळसे आपापल्या संघाचे निस्सीम भक्त असतात. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’ मध्ये पोर्तुगालच्या गौव्हेया ह्या लहान क्लबचा टो मदेइरा नावाचा एक अद्वितीय आघाडीवीर होता. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्याला विकत घेतले. असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. एका संशोधकाने तो घुसडला होता, आणि पुढील दुरुस्तीत तो वगळण्यात आला. बखरींच्या प्रामाण्याविषयी राजवाड्यांनी जी कठोर भूमिका घेतली तिचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. बखरकाराप्रमाणे हा संशोधकही जवळचा, जाणता आणि म्हणूनच पक्षपाती साक्षीदार असतो.

कल्पित माणसाचे कौतुक करमणुकीपुरते राहते. खऱ्या माणसाचे तसे राहत नाही. त्याच आवृत्तीत मिलवॉलचा चेर्नो साम्बा आणि डर्बी कौंटीचा टोन्टन झोला मुकोको ही दोन कोवळी मुले भावी जगज्जेत्यांच्या गुणांनी नटली होती. दोघांपैकी एकालाही त्या क्लबच्या पहिल्या संघातून एक सामना खेळावयास मिळाला नाही. अनेक वर्षे लोक त्यांना ओळखत ते खेळातील आकड्यांमुळे, आणि प्रत्यक्ष कारकीर्द त्या आकड्यांपुढे अपयश ठरे. ‘भावी क्षमता’ हा शब्द संशोधकाच्या कोष्टकात एक रकाना असतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते भाकीत असते, आणि ते त्याला विचारून केलेले नसते.

असे असूनही, किंवा कदाचित ह्यामुळेच, खऱ्या क्लबांनी ह्या संग्रहाकडे वळावे हे घडले. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हर्टनने खेळाडू शोधण्यासाठी खेळाचा माहितीसंग्रह वापरण्याचा करार केला. २०१४ मध्ये ‘प्रोझोन’ ह्या विश्लेषण-संस्थेशी तसाच करार झाला. ज्या गोष्टीची नक्कल करण्यासाठी आकडे तयार झाले, तिच्याच कारभारात ते पुरावा म्हणून परत आले. ह्यात केवळ दोष पाहणे अन्यायाचे होईल. एखाद्या दूरच्या देशातील तिसऱ्या श्रेणीच्या संघाविषयी दुसरी कोणतीही लेखी नोंद नसताना त्या भक्त-संशोधकाची नोंद मोलाचीच असते. तिचा कर्ता कोण आणि त्याचा लोभ कोठे, एवढे विचारून ती घ्यावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची रचना स्वतंत्रपणे मांडण्याची सोय झाली, आणि स्त्रियांचे फुटबॉल प्रथमच समाविष्ट झाले. तिच्या आधीची आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द करावी लागली होती. रचनेचा हा दुहेरीपणा तसा नवा नव्हे. ‘०१/०२’ च्या काळात तो अस्तित्वात होता, मागाहून काढून टाकण्यात आला होता. त्या जुन्या आवृत्तीचे भक्त अजूनही तिच्यात प्रतिवर्षी नव्या खेळाडूंची माहिती भरतात. आजचे खेळाडू २००१ च्या यंत्रात, २००१ च्या गणिताने खेळतात. पासांचे आणि धावांचे त्या वेळी जे मोल ठरले होते, तेच त्यांना लागू होते. आणि कोठल्या तरी लहान क्लबच्या एखाद्या मुलापुढे, त्याला न कळत, पुन्हा कोणीतरी वीस हा आकडा लिहीत असतो.