हार्टफर्डच्या रिंगणातला इराकी झेंडा

२२ नोव्हेंबर १९९० च्या रात्री अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरी ‘सर्व्हायव्हर सिरीज’ नावाचा कुस्त्यांचा मोठा तमाशा झाला. तमाशा हा शब्द आम्ही हिणवण्यासाठी वापरत नाही. निकाल आधी ठरलेला, संवाद पाठ केलेले आणि मार मात्र पुष्कळसा खरा, असा तो खेळ. आपल्या तालमीतली जुनी माणसे अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाक मुरडतात. तिकडे डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने त्यातून अफाट पैसा कमावला.

हा कार्यक्रम प्रथम १९८७ साली ओहायो राज्यात झाला. थँक्सगिव्हिंगच्या रात्री, म्हणजे घरोघरी कुटुंबे टर्कीच्या मेजवानीला जमतात त्या सणाच्या दिवशी, तो दाखवायचा अशी योजना होती. एकास एक अशी जोड नाही, तर संघाविरुद्ध संघ. आधी पाच-पाच गडी, पुढे चार-चार. जो चितपट होईल, शरण येईल, नियम मोडेल किंवा दहा आकडे मोजेपर्यंत रिंगणात परतणार नाही, तो बाद. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा उठतो. इथे एकदा गेला तो गेला. ज्या संघाचा एक जरी गडी शेवटी उरला, तो संघ जिंकला. १९९० साली त्यात एक भर घातली होती. पाच लढतींत जे जे वाचले, त्या सगळ्यांची रात्रीच्या शेवटी आपसात सहावी लढत.

आज हा कार्यक्रम दोन गोष्टींसाठी आठवला जातो. काळा कोट, काळी हॅट घातलेला, सहा फुटांहून कितीतरी उंच असा अंडरटेकर त्या रात्री प्रथमच तिथे अवतरला. आणि कित्येक आठवडे गाजावाजा करून ठेवलेले एक प्रचंड अंडे फुटून त्यातून टर्कीचा पोशाख घातलेला माणूस बाहेर आला, तेव्हा लोकांनी हुर्यो केली. आमच्या पिढीला हे सगळे उशिरा कळले, केबल आल्यावर. मग तर मोहल्ल्यातल्या पोरांच्या खिशात पहेलवानांचे पत्ते आले, आणि त्यात अंडरटेकरचा पत्ता ज्याच्याकडे, तो राजा. परंतु आम्हाला बोलायचे आहे ते पाचव्या लढतीविषयी. ती दहा-अकरा मिनिटांत आटोपली आणि तिची आठवण फारसे कोणी काढत नाही.

त्या लढतीत एका बाजूच्या संघाचे नाव होते ‘भाडोत्री सैनिक’. त्यांचा म्होरक्या सार्जंट स्लॉटर. हा गृहस्थ १९८४ साली अमेरिकन देशभक्तीचा पुतळा होता; लहान मुलांच्या खेळण्यांत त्याचा बाहुला विकला जात असे. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि थोड्याच दिवसांत हा सार्जंट इराकचा पाठीराखा होऊन कंपनीत परतला. सोबत लष्करी पोशाखातला जनरल अदनान, हाती इराकी झेंडा.

दुसऱ्या बाजूला ‘मित्रसंघ’: न्यूझीलंडचे दोन विनोदी पहेलवान, मेक्सिकन वंशाचा टेक्सासकर टिटो सांताना, आणि चौथा निकोलाय वोल्कोव. या चौथ्याकडे नीट पाहिले पाहिजे. १९८५ साली हाच वोल्कोव सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन प्रेक्षकांच्या शिव्या खात असे, आणि तेव्हा त्याचा जोडीदार होता इराणचा आयर्न शेख. जोडीची अजिंक्यपदे दोघांनी मिळून जिंकली होती. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, रशियाची भीती ओसरली, आणि वोल्कोव अमेरिकेचा दोस्त झाला. वैऱ्याची जागा रिकामी पडली. ती कोणी भरली, हे हार्टफर्डच्या प्रेक्षकांनी एकाच रिंगणात समोरासमोर पाहिले. राजकारणावरची जाडजूड पुस्तके जे सांगायला शेकडो पाने घेतात, ते इथे दहा मिनिटांत आटोपले!

लढतीत स्लॉटरचे तिघे साथीदार भराभर बाद झाले. मग एकट्या स्लॉटरने वोल्कोवला आणि दोघा न्यूझीलंडकरांना बाद केले. उरला सांताना. तेव्हा अदनानने इराकी झेंड्याच्या काठीने सांतानाला मारले, पंचाने नियमभंगाबद्दल स्लॉटरला बाद ठरवले, आणि सांताना जिंकला. म्हणजे हरतानाही वैऱ्याने लबाडी केलीच पाहिजे, आणि ती झेंड्यानेच केली पाहिजे. झेंडाही साधा नव्हता; त्या वेळी आपल्या कोकणातल्या किती घरांचे काळीज त्या प्रदेशाकडे लागलेले होते! रत्नागिरी-रायगडमधली आपली माणसे कुवेतमध्ये कमवायला गेलेली. त्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. सद्दामने त्यांचा रोजगार बुडवला, हे आम्ही विसरू नये. पण हार्टफर्डच्या गर्दीला सद्दाम आणि अरब, अरब आणि मुसलमान यांत फरक करायला कोणी शिकवले नव्हते, आणि शिकवून कंपनीला चार पैसे जास्त मिळणार नव्हते.

आता या नाटकातली पात्रे उलगडून पाहू. रशियन म्हणवणारा वोल्कोव हा जन्माने युगोस्लाव्हियातला क्रोएशियन. स्लॉटरच्या संघातला दुसरा ‘रशियन’ बोरिस झुकॉव हा अस्सल अमेरिकन. इराकचा पाठीराखा स्लॉटर, तोही अमेरिकन. स्लॉटर त्या काळात ‘कॅमल क्लच’ नावाचा पेच टाकत असे: पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर बसून हनुवटी मागे ओढायची. नावात उंट आहे म्हणून तो अरबी पेच वाटतो. वास्तविक त्याचे श्रेय मेक्सिकोच्या गोरी ग्वेरेरोला देतात, आणि तिकडे त्याच्या नावात उंट नसून घोडा आहे. योगायोग असा की त्या अंड्यातून टर्की होऊन बाहेर आलेला हेक्टर ग्वेरेरो हा याच गोरीचा मुलगा.

सगळ्यात खरा माणूस अदनानच. अदनान अल-कैसी, जन्म १९३९, बगदाद. अमेरिकेत तो शिकायला आला आणि कुस्तीत रमला. पण तिथे त्याला पहिले मोठे यश कशाने मिळाले? डोक्यावर पिसे बांधून, बिली व्हाइट वुल्फ या नावाने, अमेरिकेचा मूळ रहिवासी म्हणून! १९७६ च्या डिसेंबरात चीफ जे स्ट्राँगबो याच्यासोबत त्याने जोडीचे अजिंक्यपद जिंकले. हा स्ट्राँगबोही मूळचा इटालियन वंशाचा. एक इराकी आणि एक इटालियन, मिळून दोन रेड इंडियन. अधल्या काळात तो बगदादला परतून भरगच्च मैदानांत लढला होता. सद्दाम आपला शाळासोबती होता, असे त्याने २००५ साली आलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. पिसे उतरवून लष्करी टोपी घालताना त्याच्या मनात काय आले असेल? आम्ही त्याला गुन्हेगार म्हणणार नाही आणि निष्पापही ठरवणार नाही. पोट त्यालाही होते. पण त्याच्या हातात जो झेंडा होता तो त्याच्या स्वतःच्या आईबापांच्या देशाचा होता.

पुढची गोष्ट झपाट्याने सांगतो. १७ जानेवारी १९९१ ला बगदादवर बॉम्ब पडू लागले आणि दोनच दिवसांनी मायामीत स्लॉटरला अजिंक्यपद देण्यात आले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. नुरा कुस्तीतला वैरी लोकांनी खरा मानला होता. मार्चमधली मोठी लढत लॉस एंजेलिसच्या खुल्या स्टेडियममधून छपराखालच्या लहान सभागृहात हलवली गेली. कंपनीने सुरक्षेचे कारण दिले, टीकाकार म्हणाले तिकिटे खपत नव्हती. २४ मार्चला हल्क होगनने स्लॉटरला हरवले. युद्ध तर फेब्रुवारीच्या अखेरीसच थांबले होते. काही महिन्यांत स्लॉटरने देशाची माफी मागितली आणि तो पुन्हा अमेरिकन झाला. त्याला परतायला घर होते. अदनानला नव्हते.

याच साली ‘कर्नल मुस्तफा’ नावाचा एक इराकी अधिकारी त्यांच्या टोळीत आला. हा दुसरा कोणी नसून आपला जुना आयर्न शेख, हुसैन खोसरो अली वझिरी, इराणी! इराण-इराक युद्ध १९८० ते १९८८ चालले, त्यात दोन्हीकडची लाखो माणसे मेली, आणि तीन वर्षांत एका इराण्याला इराकी गणवेश चढवला. प्रेक्षकांना फरक कळत नव्हता आणि कंपनीला कळवायचा नव्हता. वाईट याचे वाटते की हा माणूस खोटा पहेलवान नव्हता. १९७१ साली त्याने अमेरिकेची हौशी ग्रीको-रोमन स्पर्धा जिंकली होती. रिंगणात तो जड लाकडी मुद्गल फिरवून दाखवायचा. ते इराणच्या जोरखान्याचे मुद्गल. आपल्या तालमीतल्या करेल-मुद्गलांचे सख्खे भाऊ. कोल्हापूरच्या मातीत गामा आणि इमामबक्ष यांचे नाव आजही आदराने घेतात, आणि घेताना त्यांचा मजहब कोणी आधी विचारत नाही. हार्टफर्डमध्ये आधी तोच विचारला जात होता, आणि उत्तरही कंपनीच लिहून देत होती.

२७ नोव्हेंबर १९९१ ची सर्व्हायव्हर सिरीज डेट्रॉइटला झाली. स्लॉटर देशभक्तांच्या संघात, कर्नल मुस्तफा समोर. मुस्तफाचे चौघेही बाद, स्लॉटरचे चौघेही शाबूत. डेट्रॉइटला लागूनच डिअरबॉर्न आहे, अमेरिकेतल्या अरबांची मोठी वस्ती. तिथल्या घरांतली मुले त्या रात्री कोणाच्या बाजूने ओरडली असतील?

२००४ साली तोच खेळ पुन्हा झाला. इटालियन वंशाच्या एका तरुणाला ‘मुहम्मद हसन’ नाव देऊन उतरवले. आधी तो म्हणे, सप्टेंबर २००१ नंतर अरबांकडे संशयाने पाहतात. ही तक्रार खरीच होती, पण ती खलनायकाच्या तोंडी घातलेली. २००५ च्या जुलैत बुरखेधारी माणसांकरवी त्याने अंडरटेकरला मारवले. ते चित्रण दाखवले गेले त्याच दिवशी, ७ जुलैला, लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. वाहिनीने त्याला पडद्यावर आणायला नकार दिला, आणि महिनाअखेरीस त्याच अंडरटेकरच्या हातून त्याचा निकाल लावून पात्र संपवले.

२७ मे २०२३ ला जेद्दात याच कंपनीचा कार्यक्रम झाला. सीरियन आईबापांचा कॅनेडियन मुलगा सामी झेन तिथे अजिंक्यपद राखायला उतरला. तो लष्करी वेशात नव्हता, हाती झेंडा नव्हता. लढतीआधी तो प्रेक्षकांशी अरबीतून बोलला आणि गर्दी त्याच्या नावाने गर्जत राहिली. पुढच्याच महिन्यात, ७ जूनला, आयर्न शेख वारला. सप्टेंबरात अदनानही गेला.