कोयनेचा जलजला आणि आभाळाची खबर

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. रमजान चालू होता. कराड-सातारच्या मुस्लिम मोहल्ल्यांत सहरीसाठी उठायची वेळ झाली होती आणि बाकीचं गाव साखरझोपेत होतं. त्या क्षणी जमीन हलली. ६.३ तीव्रतेच्या धक्क्यानं कोयनानगर जवळजवळ आडवं झालं. पावणेदोनशेहून अधिक माणसं मेली आणि दोन हजारांवर जखमी झाली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले. वीजपुरवठा तुटल्यानं त्याचा फटका थेट मुंबईला बसला.

या भूकंपाची चाहूल आधी लागली असती का? हा प्रश्न पाटणपासून शिराळ्यापर्यंत अजून जिवंत आहे. आता तो मोबाइलवर येतो. छोटासा धक्का बसला, की ढगांच्या लांब पट्ट्याचा किंवा निळसर उजेडाचा एखादा फोटो फिरू लागतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आभाळानं आधीच इशारा दिला होता.'

ही कल्पना निव्वळ भाबडेपणातून आलेली नाही. तिला मोठा इतिहास आहे. जमिनीच्या पोटात कोंडलेली वाफ आणि वारा बाहेर पडू पाहतात, म्हणून भूकंप होतो, असं अॅरिस्टॉटल मानत असे. इब्न सीनानंही जवळपास तेच मांडलं. म्हणजे हवा आणि भूकंप यांचं नातं शेकडो वर्षं विद्वानांच्या डोक्यात होतं. पंधराव्या शतकात कैरोच्या जलालुद्दीन सुयूतींनी भूकंपांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जलजल्याकडे ते धर्माच्या नजरेनं पाहत. पण त्यांनी कुठल्या हिजरी वर्षी, कुठल्या मुलखात जमीन हलली याच्या नोंदी ओळीनं लावून ठेवल्या. आजचे भूकंपशास्त्रज्ञ जुन्या भूकंपांची यादी करताना त्या नोंदी वापरतात. सुयूतींचा खुलासा कुणाला पटो वा न पटो, त्यांची वही कामाला आली.

कोयना हादरली त्याच काळात, १९६५ ते ६७ मध्ये, जपानच्या मात्सुशिरो भागात भूकंपांची रांगच लागली होती. तिथे रात्रीच्या आकाशात दिसलेल्या उजेडाचे फोटो काढले गेले. तोवर ऐकीव असलेली गोष्ट कागदावर आली आणि शास्त्रज्ञ तिच्याकडे गंभीरपणे पाहू लागले.

असं घडू शकतं का? निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्टचा विद्युतदाब असतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण उपकरणांना कळतो. खडकांतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू झिरपत असतो. जमिनीला बारीक भेगा पडल्या, तर तो जास्त प्रमाणात बाहेर येऊ शकतो. त्याच्या किरणांनी हवेतल्या कणांवर वीजभार येतो आणि हवेतून वीज जास्त सहज वाहू लागते. काही खडक जोरानं दाबले, तर त्यांच्यातच वीजभार तयार होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेव्हा वाट आहे. त्या वाटेनं खबर नेमानं येते का, हा खरा प्रश्न आहे.

हे तपासायला फ्रान्सनं २००४ मध्ये डेमेटर नावाचा उपग्रह सोडला. त्याच्या नोंदी हजारो भूकंपांशी ताडून पाहिल्या, तेव्हा भूकंपाआधीच्या काही तासांत रेडिओलहरींमध्ये किंचित फरक सापडला. पण तो हजारोंची सरासरी काढल्यावरच दिसणारा. 'उद्या पाटणला भूकंप' असं त्यावरून सांगता येत नाही. चीननंही २०१८ मध्ये असाच एक उपग्रह पाठवला आहे. शोध संपलेला नाही, पण इशारा देण्याजोगं अजून काही हाती आलेलं नाही.

आपल्याकडे तर एक खास अडचण आहे. शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि भूकंपही सुरू झाले. १९८५ पासून सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणेचं पाणी अडलं आणि १९९३ नंतर भूकंपांचा पट्टा त्या बाजूला पसरला. पाच किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के या लहानशा टापूत बसले आहेत. त्यांचा पाण्याच्या चढउताराशी संबंध आहे. धरण भरतं तेव्हा सप्टेंबरच्या आसपास आणि पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या आसपास धक्के वाढतात. आता याच महिन्यांत आभाळात काय चाललेलं असतं? आधी पावसाळी ढग, मग परतीच्या पावसाचा कडकडाट, नंतर धुकं आणि थंडी. हवेतली वीज या सगळ्यानं बदलते. ओल्या जमिनीतून रेडॉन बाहेर येण्याचं प्रमाणही बदलतं. म्हणजे आभाळातला बदल आणि भूकंप एकामागोमाग दिसले, तरी एकानं दुसऱ्याची खबर दिली असं होत नाही. दोघांच्या मागे एकच पावसाळा असू शकतो. वीज चमकली आणि भूकंप झाला नाही, अशा रात्रींचे फोटो कुणी पुढे पाठवत नाही. हिशेबात त्या रात्रीही धरायला हव्यात.

म्हणूनच मला कराडजवळचं काम मोलाचं वाटतं. केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेनं कोयनेच्या टापूत गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विवर खणलं. वरचा काळा पाषाण साधारण सव्वा किलोमीटरला संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. भूकंप जिथे जन्मतो त्याच्या जवळ जाऊन मोजमाप करायचं, हा सुयूतींच्या वहीचाच पुढचा धडा आहे.

कुरआनातल्या एका सूरहचं नावच अज्-जलजला आहे. ती कयामतच्या दिवसाबद्दल आहे. त्यामुळे धक्का बसला, की आपल्यातले काहीजण लगेच कयामतच्या निशाण्या मोजू लागतात. त्यांना मी एक जुनी घटना आठवून देतो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. दुःखात बुडालेल्या बापानंच त्यांना सांगितलं, की कुणाच्या मरण्या-जगण्यानं ग्रहण लागत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं मानू नये, याहून स्पष्ट शिकवण कोणती हवी?

दुआ जरूर करावी, पण भिंतींकडेही पाहावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली. आपल्या डोंगरी गावांत अशी घरं अजून आहेत, आणि कित्येक जुन्या शाळा, मदरसे, मशिदींच्या भिंतीही तशाच आहेत. आभाळ खबर देईल तेव्हा देईल. चार कोपरे बांधून घ्यायला, आडवा सिमेंटचा पट्टा घालायला आणि छपराचं ओझं कमी करायला त्या खबरीची वाट पाहावी लागत नाही.