चर्मवाद्यांची घडण आणि बंगळूर

आपल्या शाळेच्या संगीतवर्गातील कपाटात एक जुना पखवाज आहे. हीरक महोत्सवानिमित्त मांडलेल्या प्रदर्शनासाठी तो बाहेर काढला, तेव्हा त्याची पुडी फाटलेली आणि वादी सैल पडलेली आढळली. दुरुस्तीसाठी कारागिराचा शोध घेताना या वाद्याच्या इतिहासाकडे लक्ष वळले, आणि त्यातील दोन महत्त्वाचे दुवे आपल्याच शहराशी जोडलेले दिसले.

पहिला दुवा मराठ्यांचा. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या ताब्यात आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावरास मराठी राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. तेथे मराठी कीर्तन आणि दाक्षिणात्य संगीत यांचा संगम झाला. कीर्तनातील मृदंगाची साथ तेथील हरिकथेतही रुजली. एकोणिसाव्या शतकात तंजावरचे नारायणस्वामी अप्पा हे मराठी मृदंगवादक दक्षिणेत आदरास पात्र ठरले.

पखवाज आणि मृदंगम् ही भावंडेच. दोहोंचे खोड लाकडाचे. मृदंगासाठी फणसाचे लाकूड विशेष पसंत केले जाते. डाव्या तोंडावर पखवाजाला भिजवलेली कणीक, तर मृदंगाला रव्याचा गोळा थापतात आणि वादन संपताच तो खरवडून काढतात. उजव्या तोंडावर मात्र कायमची काळी शाई असते. ती भरणे हे कारागिराच्या कसोटीचे काम. भाताची खळ किंवा चिकी आणि लोहयुक्त काळी भुकटी यांचे मिश्रण करून त्याचा पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा आणि मग पुढचा थर. सूर लावताना पखवाजाच्या व तबल्याच्या वादीखालील गट्टे आणि कडेचा गजरा हातोडीने ठोकतात. गजरा खाली ठोकला की सूर चढतो, वर ठोकला की उतरतो. कडेची सर्व घरे एकाच स्वरात बोलली, तरच वाद्य जुळले.

या शाईचे शास्त्रीय मर्म उकलले गेले, हा दुसरा दुवा. साध्या, एकसारख्या चामड्याच्या पडद्यातून उठणारे स्वर परस्परांशी सुसंवादी नसतात. मध्यभागी शाईचे वजन आल्याने ते तंतुवाद्याप्रमाणे जुळून येतात, याकडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्येच लक्ष वेधले होते. १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरास आले. १९३४ मध्ये त्यांनी येथे स्थापन केलेल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा भारतीय चर्मवाद्यांवरील सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. पडद्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनाच्या आकृती दाखविल्या.

तथापि, हे वाद्य ज्यांनी शतकानुशतके केवळ कानाच्या आधारे सिद्ध केले, ते कारागीर बहुतांशी अनामिकच राहिले. चामडे कमावणे आणि मढविणे समाजाने हीन लेखले. वाद्य मात्र देवघरात पूजले. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या ग्रंथात मृदंग घडविणाऱ्या कुटुंबांचा इतिहास मांडला, तेव्हा ही उणीव ठळकपणे पुढे आली.

ती आपल्याही दारी आहे. शाळेच्या जुन्या दफ्तरात पखवाज देणाऱ्याचे नाव आहे, वाजवून बक्षीस मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे आहेत. पुडी मढविणाऱ्याची नोंद फक्त ‘दुरुस्ती खर्च’ एवढीच. साठ वर्षे ही वही अनेक मुख्याध्यापकांच्या हातांखालून गेली. गेली काही वर्षे माझ्याही. मलाही ते कधी खटकले नव्हते.

आता पखवाजाला नवी पुडी बसली आहे. शाईला ओला हात लावू नये, पावसाळ्यात वाद्य गवसणीत कोरड्या जागी ठेवावे, कणीक वाळण्यापूर्वी काढावी, अशा सूचना कारागिरांनी मुलांना समक्ष दिल्या. त्या दिवशी जडसंग्रह नोंदवहीत पखवाजापुढे त्यांचे नाव प्रथमच लिहिले गेले. शाळेचा इतिहास लिहिताना अशी आणखी किती नावे सुटली असतील, याचा शोध पुढील पिढीने घ्यावा.