एका टिंबाची लोकर

'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.'

चार शब्द. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद आहे, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी अशी तार हातात धरली नसेल. जुन्या सिनेमांत मात्र नक्की पाहिली असेल. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना हे वाक्य तपासायला दिलं असतं, तर वहीचं पान लाल झालं असतं. 'माय' नाही, 'इज' नाही, निघायचं कुणी आणि कुठे तेही नाही. तरी तार वाचणारा मिळेल त्या गाडीने निघायचा.

इंग्रजी वाक्यातले कुठले शब्द गाळले तरी चालतात, या प्रश्नाला व्याकरणाचं पुस्तक उत्तर देतं ते असं: 'द मॅन हूम आय मेट' मधला 'हूम' गाळा, काही बिघडत नाही. पण 'द मॅन हू केम' मधला 'हू' गाळलात तर 'द मॅन केम' उरतं, म्हणजे वेगळंच पूर्ण वाक्य. 'दॅट'चंही तसंच. 'आय नो दॅट यू आर टायर्ड' मधून तो सहज जातो. पण 'ही बिलिव्ह्ड द मर्चंट हॅड चीटेड' वाचताना क्षणभर वाटतं, याने व्यापाऱ्यावर विश्वास ठेवला. 'हॅड'पाशी पोचल्यावर मागे फिरावं लागतं. थोडक्यात, समोरच्याला जे न चुकता भरून काढता येतं, ते गाळता येतं.

व्याकरणकार हे शांतपणे सांगतात. तारेच्या गिऱ्हाइकाला ते पैसे मोजून शिकावं लागलं. १८६६ मध्ये अटलांटिकखालून केबल सुरू झाली, तेव्हा एका संदेशाला कमीत कमी २० पौंड पडत. अशा दराने 'द' कोण पाठवेल? आधी 'ए' आणि 'द' गेले, मग 'इज' आणि 'आर', मग 'आय'. 'नॉट' जागचा हलला नाही. 'टू' आणि 'फ्रॉम' पुष्कळदा टिकले, कारण पैसे कुणाला पाठवले आणि कुणाकडून आले, यात फरक आहे.

'आय'ची गंमत वेगळी. मराठीत 'उद्या येईन' म्हटलं की येणारा 'मी' आहे, हे क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजी क्रियापदं असली चहाडी फारशी करत नाहीत. अपवाद 'ॲम'चा. तो 'आय'शिवाय कुणाचाच नाही, म्हणून तारेत 'आय' गाळून 'ॲम बिझी' लिहिता यायचं.

१९४८ मध्ये बेल लॅब्समधल्या क्लॉड शॅननने हिशेब मांडला, की लिखित इंग्रजी साधारण ५० टक्के 'रिडंडंट' असते. म्हणजे आपण लिहितो त्यातलं निम्मं भाषेची घडणच ठरवते, उरलेलं निम्मं आपण निवडतो. इंजिनिअरिंगला हे शिकताना आमचं सगळं लक्ष त्या फालतू निम्म्यावर: ते काढा, फाइल लहान करा. पण ते जादाचे शब्द फुकट पोसलेले नसतात. वाटेत काही बिघडलं तर चूक पकडायला तेच बसलेले असतात.

शॅननच्या ६१ वर्षं आधी, जून १८८७ मध्ये, फिलाडेल्फियातला लोकरीचा व्यापारी फ्रँक प्रिमरोज याने कॅन्ससमधल्या आपल्या एजंटला, टोलंडला, एक तार केली. त्या काळातले व्यापारी नुसते शब्द गाळून थांबत नसत. कोडबुकं वापरून अख्खी वाक्यं एकेका शब्दात बसवत. प्रिमरोजच्या तारेत 'ॲम एक्सीडिंगली बिझी' साधं इंग्रजी होतं ('आय' अर्थातच गायब), पण त्यापुढचा 'बे' म्हणजे 'मी खरेदी केली आहे' आणि 'क्वो' म्हणजे '५ लाख पौंड'. आपण ५ लाख पौंड लोकर घेतली आहे, त्यातली निम्मी बहुधा विकलीही गेली, एवढंच त्याला कळवायचं होतं.

मोर्समध्ये 'ए' म्हणजे एक टिंब, एक रेघ. 'यू' म्हणजे दोन टिंबं, एक रेघ. वाटेत कुठेतरी एक टिंब वाढलं आणि 'बे'चा 'बाय' झाला. टोलंडने वाचलं: सर्व प्रकारची लोकर घे, ५ लाख पौंड. त्याने खरेदी सुरू केली.

'आय हॅव बॉट' असं सरळ लिहिलं असतं, तर त्यातलं एखादं अक्षर बिघडूनही 'हॅव'ने भूतकाळ सांभाळला असता. 'बे'च्या शेजारी त्याला सांभाळणारं कुणीच नव्हतं. शिवाय 'बाय'सुद्धा चांगला धडधाकट शब्द, तोही व्यापाराच्या तारेत अगदी शोभणारा. टोलंडला शंका यावी तरी कशावरून?

प्रिमरोजचं २० हजार डॉलर्सहून अधिक नुकसान झालं. त्याने वेस्टर्न युनियनवर दावा लावला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तारेच्या फॉर्मवर कंपनीची अट छापलेली होती: संदेश बरोबर पोचला का, हे तपासण्यासाठी तो उलट मागवून घ्या, त्याला निम्मे पैसे जादा पडतील, तसं केलं नाहीत, तर चुकीची भरपाई तारेच्या दरापलीकडे मिळणार नाही. आजचं कोणतंही नेटवर्क ही पडताळणी आपल्याला न विचारता करतं. तेव्हा ती ऐच्छिक होती, आणि प्रिमरोजने ती घेतली नव्हती.

१८९४ मध्ये न्यायालयाने कंपनीची अट उचलून धरली. प्रिमरोजच्या वाट्याला तारेचा दर तेवढा आला: १ डॉलर १५ सेंट.