शाळेचा अध्यक्ष : सही करणारा की हिशेब विचारणारा?

निफाड : गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत ध्वजवंदनाला मुख्याध्यापकांच्या शेजारी उभे राहणारे आणि कार्यक्रमपत्रिकेत ज्यांचे नाव सरपंचांच्या खालोखाल छापले जाते ते 'अध्यक्ष' नेमके कोण, असा प्रश्न शहरातील वाचकाला पडू शकतो. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात. गेल्या दीड दशकात या पदाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, शाळेच्या बँक खात्यावर सहीचा अधिकार मिळाला, आणि त्याबरोबरच गावच्या राजकारणाची नजरही त्यावर पडली. अधिकार वाढले त्या मानाने अध्यक्षांना तयार करण्याची व्यवस्था मात्र वाढलेली नाही. द्राक्षे आणि कांदा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाड तालुक्यात या पदाकडे पाहिले, तर त्याची ताकद आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

निफाडला शिक्षणाच्या कार्याचा वारसा मोठा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथेच झाला. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या उभारणीत कर्मवीर काकासाहेब वाघ आणि कर्मवीर गणपतदादा मोरे यांचा वाटा होता. त्यांच्या नावाची महाविद्यालये आज पिंपळगाव बसवंत व निफाड येथे उभी आहेत. शाळा ही सरकारने चालवून द्यायची नसून गावाने उभी करायची असते, ही समजूत त्यामुळे या भागात नवी नाही. नवी आहे ती पालकाची अधिकृत खुर्ची.

सरपंचाकडून पालकाकडे

मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ नुसार प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा स्कूल बोर्डाकडे होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि तो त्यांच्याकडे आला. गावाच्या पातळीवर पुढे ग्रामशिक्षण समित्या आल्या. सर्व शिक्षा अभियान सुरू झाल्यावर, म्हणजे २००१ नंतर, वर्गखोल्यांची बांधकामे आणि अनुदाने याच समित्यांमार्फत होऊ लागली. या समितीचे अध्यक्षपद बहुतांशी सरपंचाकडे असे. सरपंचाचे मूल त्या शाळेत शिकत असेलच असे नव्हे. अनेकदा ते तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात जात असे, आणि वडील इकडे मराठी शाळेच्या बांधकामाच्या धनादेशावर सही करीत.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि हे चित्र बदलले. त्याच्या कलम २१ ने प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान देणेही बंधनकारक आहे. महाराष्ट्र शासनाने १७ जून २०१० च्या निर्णयाने याचे तपशील ठरवून दिले. पालक सदस्यांची निवड पालकसभेतून व्हावी, उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा, शिक्षकांचा व शिक्षणतज्ज्ञांचा प्रतिनिधी असावा, मुख्याध्यापकाने सदस्य सचिव म्हणून काम पाहावे, आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडले जावेत, असे त्यात सांगितले गेले.

यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे. ज्याचे मूल त्या बाकावर बसते त्यालाच त्या शाळेच्या अध्यक्षपदाचा हक्क, हा विचार आपल्याकडे त्यापूर्वी कायद्यात नव्हता. पण त्या अटीची दुसरी बाजूही आहे. समितीची मुदत दोन वर्षांची, आणि मूल शाळा सोडून गेले की पालकाचे सदस्यत्वही संपते. चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या वस्तीशाळेत तिसरीतल्या मुलाचे वडील अध्यक्ष झाले, तर त्यांना काम समजू लागेपर्यंत निरोप समारंभाची वेळ येते.

पैशाचा रस्ता

अध्यक्षांच्या कामाची व्याप्ती कागदावर मोठी आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची मूळ कामे. त्यांना जोडूनच शिक्षकांची व मुलांची उपस्थिती, पोषण आहाराचा दर्जा, शाळाबाह्य मुलांचा शोध, आणि शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार पडत नाही ना हे पाहणे, अशी कामे येतात. अखेरचे काम विसरले जाते. शिक्षक वर्गात नसतील तर अध्यक्षांनी त्यांना जाब विचारावा, हे गावाला चटकन पटते. शिक्षकांना वर्गाबाहेर कोणी काढले, याचा जाब तालुक्याच्या कार्यालयाला विचारायचा असतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरा प्रश्न पैशाचा आहे. २०१८-१९ पासून सर्व शिक्षा अभियान समग्र शिक्षा योजनेत सामावले गेले आणि विविध छोट्या अनुदानांऐवजी एकत्रित शाळा अनुदान आले. त्याची रक्कम पटावर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेस एक लाख, असे त्याचे निकष आहेत. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. खडूपासून दुरुस्तीपर्यंत आणि वीजबिलापासून प्रयोगसाहित्यापर्यंत सर्व याच रकमेत भागवायचे असते. पट ३० वरून ३१ झाला तर अनुदान अडीचपट होते. लहान वस्तीवरच्या अध्यक्षाला एका मुलाच्या दाखल्याचे मोल का वाटते, ते यावरून समजावे.

समितीचे खाते अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते. पूर्वी धनादेशपुस्तक असे. अध्यक्षांनी शेतातून येऊन सही केली की काम होई. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी एकल खात्यातून आणि सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतून वितरित होऊ लागला. आता व्यवहार संगणकावर तयार होतो आणि त्याच्या छापील कागदावर सही होते. पारदर्शकता वाढली हे खरे. पण संगणक शाळेत मुख्याध्यापकांपाशी असतो, आणि कागद अध्यक्षांपुढे येतो तेव्हा निर्णय झालेला असतो. निधी बहुधा आर्थिक वर्ष संपत आल्यावर येतो व ३१ मार्चपूर्वी खर्च करावा लागतो. त्या घाईत दरपत्रके मागवा, ठराव घ्या, मग खरेदी करा, हा क्रम उलटा होतो आणि ठराव मागाहून लिहिला जातो. अध्यक्षाची सही खरी अडचणीत येते ती येथे.

गणवेशाचा धडा

समितीचे अधिकार किती पक्के आहेत, हे गणवेशाच्या प्रकरणाने चांगले दाखवून दिले. मोफत गणवेशासाठी विद्यार्थ्यामागे दोन जोड्यांचे ६०० रुपये मिळत आणि खरेदी समिती करीत असे. कापड कोणते घ्यायचे, कोणत्या शिंप्याकडे द्यायचे, हे गावात ठरे. २०२३ मध्ये शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' हे धोरण आणले. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यस्तरावर झाली आणि शिलाई महिला बचतगटांकडे गेली. गणवेश वेळेवर न मिळाल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले.

मुलाचे माप मंत्रालयापेक्षा गावातल्या शिंप्याला अधिक ठाऊक असते, हे सिद्ध करायला एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडले. त्याहून गंभीर बाब अशी की, अधिकार काढून घेताना आणि परत देताना समित्यांचे मत विचारले गेल्याचे कोठे दिसले नाही. कायद्याने दिलेली देखरेख वेगळी आणि शासन निर्णयाने दिलेले काम वेगळे, हा फरक अध्यक्षांना माहीत असायला हवा. पहिली कायदा बदलल्याशिवाय जात नाही. दुसरे एका परिपत्रकाने जाते.

द्राक्षाची बाग आणि शाळेचा पट

ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ या भागांतील आदिवासी कुटुंबे कामासाठी निफाडकडे येतात. त्यानंतर महिनोन्महिने बागेत काम असते. तोडणी एप्रिलपर्यंत चालते, आणि उन्हाळ कांद्याची काढणी त्याच सुमारास येते. ही कुटुंबे बागेच्या कडेला राहतात आणि मुलेही त्यांच्यासोबत असतात. कायद्यानुसार या मुलांना वयानुरूप वर्गात, वर्षाच्या मध्येही, प्रवेश मिळाला पाहिजे आणि दाखल्याअभावी तो अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धतही आहे. मुलाचे शिक्षण कोठवर झाले याची नोंद घेऊन ते दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते.

ही मुले शोधणे हे समितीचे काम आणि पर्यायाने अध्यक्षांचे. पण द्राक्षपट्ट्यातील गावात समितीचा अध्यक्ष आणि बागेचा मालक एकच असू शकतो. मोठी मुलगी लहान भावंडाला सांभाळते म्हणून आई बागेत काम करू शकते. ती मुलगी शाळेत गेली तर मजुरीचे गणित बिघडते, आणि ते ज्याचे बिघडते त्यानेच तिला शाळेत आणायचे आहे. या पेचावर नियमात उत्तर नाही. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ते असायला हरकत नव्हती. शिवाय हेच महिने समितीच्या बैठकांचेही शत्रू ठरतात. बैठक दरमहा व्हावी असा दंडक असला तरी, लिलावासाठी लासलगावला किंवा पिंपळगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेला पालक दुपारच्या बैठकीस कसा येणार? गणसंख्या मग नोंदवहीतच भरते. बैठक सायंकाळी घेणे हा सोपा उपाय आहे. तो सार्वत्रिक का झाला नाही, याचे उत्तर कार्यालयीन वेळेत सापडते.

महिलांना निम्म्या जागा मिळाल्याने समित्यांचे स्वरूप निश्चितच बदलले आहे. पोषण आहाराची चव आणि स्वच्छतागृहातील पाणी हे विषय इतिवृत्तात येऊ लागले ते त्यामुळेच. तथापि, महिला अध्यक्षांच्या जागी त्यांचे पती बैठकीला बसण्याची ग्रामपंचायतीतील रीत शाळेतही शिरली आहे.

प्रशिक्षण कोण देते?

समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाची रचना उतरंडीची आहे. राज्यस्तरावर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, मग तालुक्याचे गटसाधन केंद्र आणि शेवटी केंद्रशाळा, असे ते खाली येते. समग्र शिक्षा योजनेत यासाठी शाळेमागे कमाल तीन हजार रुपयांची तरतूद आहे. १६ सदस्यांत ती वाटली तर माणशी १८७ रुपये होतात. वेळ एक-दोन दिवसांचा, श्रोते अनेक शाळांचे, आणि विषयपत्रिकेवर कायद्याची कलमे, समितीची रचना व शासकीय योजनांची नावे.

उणीव रकमेपुरती नाही. प्रशिक्षण देणारे केंद्रप्रमुख किंवा शिक्षक असतात, म्हणजे ज्यांच्या कामावर समितीने देखरेख करायची तेच. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मुख्याध्यापकांना अडचणीचे प्रश्न कसे विचारावेत, हे सहसा मुख्याध्यापकांचा सहकारी शिकवत नाही. रोकडवही कशी वाचावी, पावती आणि साठा नोंदवही ताडून कशी पाहावी, उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी काय तपासावे, तिसरीतले मूल दुसरीचा उतारा वाचते का हे घरच्या घरी कसे पाहावे, या गोष्टी दोन तासांत शिकवता येतात. त्या शिकवल्या तर नुसत्या सहीचा अध्यक्ष उरणार नाही.

इंग्लंडमध्ये शाळांच्या नियामक मंडळांचा अनुभव याहून जुना आहे. तेथेही अध्यक्ष बिनपगारी स्वयंसेवक असतो; पण मुख्याध्यापकाची निवड आणि त्याच्या कामाचे मूल्यमापन मंडळ करते. निफाडच्या अध्यक्षाला शिक्षकाची बदली थांबवताही येत नाही आणि करवताही येत नाही. तो अधिकार जिल्हा परिषदेचा. तेव्हा तेथील अभ्यासक्रम येथे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी एकच गोष्ट आहे : अध्यक्षाचे काम साध्या सदस्यापेक्षा वेगळे आहे आणि त्याला वेगळी तयारी लागते, हे तेथे मान्य झालेले आहे.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत स्थिती निराळी आहे. तेथे संस्थेची शालेय समिती असते आणि तिचे अध्यक्षपद संस्थेच्या प्रतिनिधीकडे जाते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमधील पालकांच्या समितीला केवळ सल्लागाराचे स्थान उरले. ही दुरुस्ती पालकांच्या फारशी ध्यानात आलेली नाही. परिणामी, चौथीपर्यंत खात्यावर सही करणारा पालक पाचवीला मुलाला संस्थेच्या शाळेत घालतो आणि एका सुट्टीत अध्यक्षाचा सल्लागार होतो.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर विद्यार्थी सुरक्षेचे काम समित्यांच्या यादीत ठळकपणे आले. कमी पटाच्या शाळांचा प्रश्नही सुटलेला नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीच्या मुलांनी शाळा बंद होण्याविरोधात 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत जिल्हा परिषदेकडे कूच केले होते. अशा वेळी गावाच्या हाती काय असते? कलम २२ प्रमाणे समितीने तयार केलेला तीन वर्षांचा विकास आराखडा हा अनुदानाच्या नियोजनाचा आधार मानला गेला आहे. त्यात पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक आणि खोल्या यांची मागणी लिहायची असते. बहुसंख्य ठिकाणी हा आराखडा शाळेत लिहिला जातो आणि सहीसाठी अध्यक्षांकडे येतो. त्याची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे, आणि नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत ती मागणे हे अध्यक्षांचे पहिले काम ठरावे.