महाविद्यालयांची श्रेष्ठत्वपरंपरा : नांदेड व लातूर

एखाद्या महाविद्यालयाच्या क्रीडासंघास, विद्याशाखेस वा अन्य उपक्रमास लाभलेले यश एका पिढीपुरते न राहता अनेक पिढ्यांच्या मान्यतेस पात्र ठरले, म्हणजे ते महाविद्यालय त्या क्षेत्रात परंपरेने श्रेष्ठ मानले जाते. वर्षावर्षाचे निकाल हा ह्या श्रेष्ठत्वाचा पाया असला, तरी केवळ निकालांच्या बेरजेने ते सिद्ध होत नाही. शिक्षकांचे वा मार्गदर्शकांचे सातत्य, विद्यार्थ्यांची निवड करण्याचे सामर्थ्य, तुल्यबळ प्रतिस्पर्धी, स्पर्धेच्या नियमांची विश्वासार्हता आणि लोकस्मृती ह्या गोष्टी जुळून याव्या लागतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर ह्या दोन शहरांच्या शैक्षणिक इतिहासात हे सर्व घटक, आणि ते विस्कटल्यावर होणारे परिणामही, स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

ह्या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात झालेली आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्झ व प्रिन्स्टन ह्यांच्यात झालेला सामना हा तेथील ह्या खेळाचा आरंभ समजला जातो. आरंभीच्या काळात येल विद्यापीठाचे वर्चस्व निर्विवाद होते. परंतु आयव्ही गटातील विद्यापीठांनी १९४५ च्या करारान्वये खेळासाठी शिष्यवृत्त्या न देण्याचे धोरण स्वीकारले आणि येलची गणना अग्रेसर संघांत होईनाशी झाली. शिकागो विद्यापीठाचे उदाहरण अधिक बोलके आहे. एमोस अलोन्झो स्टॅग ह्या मार्गदर्शकाने चाळीस वर्षे जोपासलेला तेथील संघ विद्यापीठाने १९३९ मध्ये स्वतःहून बंद केला. विद्यापीठाची विद्वत्तेची कीर्ती मात्र त्यामुळे कमी झाली नाही. ह्याउलट इंडियानातील नोत्र दाम हे फारसे परिचित नसलेले कॅथलिक विद्यालय न्यूट रॉकनी ह्याच्या मार्गदर्शनाखाली (१९१८–३०) देशभर गाजले व त्याच्या अपघाती मृत्यूनंतरही (१९३१) त्याचा दबदबा टिकून राहिला. मार्गदर्शक गेल्यावर काय उरते, ही परंपरेची खरी कसोटी म्हणावी लागेल.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना अशा परंपरेचा पहिला परिचय हैदराबादेत झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता आणि औरंगाबादचे इंटरमीजिएट महाविद्यालय (१९२३) सोडल्यास उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठाकडेच जावे लागे. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी मुलांची वाट दुहेरी अवघड होती. हैदराबादच्या सिटी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल संघ नावाजलेला होता. उस्मानियाचे पदवीधर व पेशाने शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये (१९५६) चौथा आला व जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत (१९६२) विजेता ठरला. १९६३ मध्ये रहीम निवर्तले. त्यानंतर हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. त्याच सिटी कॉलेजमध्ये शिकलेले नरहर कुरुंदकर पुढे नांदेडच्या शैक्षणिक जीवनाचे केंद्र बनले, हा योगायोग लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात क्रीडेच्या बाबतीत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा दाखला दिला जातो. खाशाबा जाधव ह्यांना हेलसिंकी ऑलिंपिकला (१९५२) जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवले व जाधवांनी कांस्यपदक आणले. तथापि ह्या पदकामागे कोल्हापूरच्या तालमींची दीर्घ परंपरा होती. महाविद्यालयाने तिला हात दिला, ती निर्माण केली नाही. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार ह्यांच्यासारखा नामांकित मल्लही तालमीतूनच पुढे आला. मराठवाड्यातील महाविद्यालयांना क्रीडाक्षेत्रात स्वतःची अशी अखंड परंपरा उभी करता आली नाही, हे मान्य करावे लागते. मैदाने, वसतिगृहे व पूर्णवेळ मार्गदर्शक ह्यांचा खर्च जिल्ह्याच्या गावातील नवजात संस्थांना झेपणारा नव्हता. खडू-फळा व परीक्षा ह्यांना खर्च कमी लागतो. ह्या प्रदेशातील महाविद्यालयीन स्पर्धा परीक्षेच्या क्षेत्रात का एकवटली, ह्याचे एक साधे कारण येथे सापडते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वातूनच नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या प्रेरणेने स्थापन झालेले हे महाविद्यालय प्रथम उस्मानियाला व १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यास संलग्न झाले. १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय सुरू झाले व शहरात दुसरे केंद्र निर्माण झाले. पीपल्स कॉलेजची कीर्ती निकालांवर उभी नव्हती. तेथील प्राध्यापक व नंतर प्राचार्य झालेले कुरुंदकर स्वतः परीक्षांच्या पायऱ्या उशिरा चढले होते. शाळेत शिकवीत असतानाच त्यांनी पुढील शिक्षण घेतले. त्यांच्या व्याख्यानांनी व वादविवादांनी गावोगावचे श्रोते घडविले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. महाविद्यालय चालू राहिले, पण त्याचे नाव निघाले की आजही प्रथम एका व्यक्तीचे नाव निघते. परंपरा व्यक्तीत साठली की ती तेजस्वी दिसते, परंतु पुढच्या पिढीकडे सोपविणे कठीण होते.

लातूरची वाट वेगळी होती. हे गाव १९८२ पर्यंत उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. त्याची ओळख धान्याची, विशेषतः तुरीची बाजारपेठ अशी होती. १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय व १९७० मध्ये शिव छत्रपती शिक्षण संस्थेचे राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही संस्थांना व्यापारी व शेतकरी वर्गाचा आधार होता. एकाच गावात दोन तुल्यबळ संस्था असणे लातूरच्या पथ्यावर पडले. एकीचा निकाल लागला की दुसरीचे शिक्षक कामाला लागत.

१०+२+३ हा आकृतिबंध आल्यानंतर बारावीच्या परीक्षेस अपूर्व महत्त्व प्राप्त झाले. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश त्या गुणांवर अवलंबून होते आणि राज्य मंडळ गुणवत्ता यादी जाहीर करीत असे. यादीत पुणे-मुंबईकडील नावांचे प्राबल्य असे. १९८० नंतरच्या दशकात लातूरच्या महाविद्यालयांनी जी अध्यापनपद्धती विकसित केली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे व अनिरुद्ध जाधव ह्यांची नावे तिच्याशी जोडली जातात.

ह्या पद्धतीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम वर्ष संपण्याच्या पुष्कळ आधी पूर्ण करावयाचा. उरलेला काळ सरावासाठी ठेवावयाचा. आठवड्याला चाचणी व शेवटी मंडळाच्या धर्तीवर पूर्ण प्रश्नपत्रिकांची मालिका घ्यावयाची. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याची चूक त्याला दाखवावयाची. बाहेरगावचे अनुभवी प्राध्यापक व्याख्यानांस बोलवावयाचे. सुट्ट्या जवळजवळ विसरावयाच्या, अशी ही रीत होती. उत्तरपत्रिका परत देणे हा त्यातील कळीचा भाग होय. मंडळाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला केवळ गुण कळत, चूक कळत नसे. येथे ती दर आठवड्यास कळू लागली. ह्या सर्वांसाठी शिक्षकांनी वेळापत्रकाबाहेर तासन्‌तास दिले. हे श्रम पगाराच्या हिशेबात बसणारे नव्हते, आणि ह्या पद्धतीची नक्कल करणाऱ्या अनेक संस्था नेमक्या येथेच अडल्या.

लवकरच लातूरची नावे राज्याच्या गुणवत्ता यादीत अग्रक्रमाने येऊ लागली. ती मुले बहुधा गावखेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली असत. ज्या घरात कोणी पदवीधर नव्हता, त्या घरातला मुलगा डॉक्टर होऊ शकतो, ही जाणीव मराठवाड्यात प्रथमच व्यापक प्रमाणात पसरली. निकालांपेक्षाही लातूरचे हे ऐतिहासिक कार्य मोठे होय. परिसरातील वैद्यकीय शिक्षणाच्या सोयीही वाढत होत्या : अंबेजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयानंतर नांदेडला १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरू वाघमारेच होते.

नामवंत संस्थेकडे चांगले विद्यार्थी येतात व चांगल्या विद्यार्थ्यांमुळे संस्था नामवंत राहते, हे चक्र येथेही फिरू लागले. आरंभी सामान्य गुणांचा विद्यार्थी उंचावणे हे लातूरचे वैशिष्ट्य होते. पुढे दहावीला नव्वद टक्क्यांवर असणाराच प्रवेश मिळवू लागला. मग यश पद्धतीचे किती व निवडीचे किती, हे सांगणे अवघड झाले. घोकंपट्टीचा आक्षेपही घेतला गेला. तो अगदीच निराधार नव्हता. परंतु घोकंपट्टी राज्यभर चालत होती व चुका दाखवून देणारी व्यवस्था मोजक्या ठिकाणीच होती, हेही विसरता येत नाही.

स्पर्धेचे नियम बदलले, तेव्हा परंपरेची परीक्षा झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा आणली आणि बारावीच्या गुणांचे महत्त्व घटले. मंडळाने पुढे गुणवत्ता यादी जाहीर करणेही थांबविले. २०१३ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ पासून कायमची, राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ परीक्षा आली. तिचे प्रश्न वस्तुनिष्ठ, चुकीस गुणकपात करणारे व केंद्रीय पाठ्यपुस्तकांवर आधारित असतात. दीर्घोत्तरी लेखनासाठी घडविलेली यंत्रणा लातूरने त्या मानाने लवकर बदलली. मात्र ती महाविद्यालयात न बदलता खासगी शिकवणी वर्गांत बदलली. शहरात ‘ट्यूशन एरिया’ ह्या नावानेच ओळखला जाणारा भाग तयार झाला. खाणावळी, वसतिगृहे, अभ्यासिका व झेरॉक्सची दुकाने ह्यांवर शहराचे अर्थकारण अवलंबून राहू लागले. नांदेडातही श्यामनगर–भाग्यनगर परिसरात असेच केंद्र उभे राहिले. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तरी विद्यार्थ्यांचा ओघ थांबला नाही.

स्पर्धेच्या विश्वासार्हतेबाबत नांदेडचा अनुभव नोंद घेण्याजोगा आहे. परीक्षा केंद्रांवरील नक्कल हा मराठवाड्यातील जुना रोग होय. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी ह्यांनी तेथे कॉपीमुक्त परीक्षेचे अभियान राबविले. तेही ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. अभियानाचा पहिला परिणाम म्हणजे निकाल कोसळला. त्याच जिल्ह्यात शाळांच्या पटावरील खोटी नावे शोधणारी पटपडताळणी झाली व ऑक्टोबर २०११ मध्ये ती राज्यभर घेण्यात आली. एका शहराची कीर्ती निकाल वाढविल्यामुळे व शेजारच्या शहराची निकाल खरा केल्यामुळे झाली. इतिहासाच्या दृष्टीने दुसरी कीर्ती पहिलीस पूरक आहे, कारण निकालावर विश्वास नसेल, तर यादीतल्या स्थानाला अर्थ राहत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्येही १९०५ च्या हंगामातील मृत्यूंनंतर नियंत्रक संघटना स्थापावी लागली होती. २०२४ मध्ये ‘नीट’मधील गैरप्रकारांच्या तपासात लातूरमधून शिक्षकांना अटक झाली, तेव्हा ह्या प्रश्नाचे स्मरण नव्याने झाले. त्या वर्षी प्रामाणिकपणे बसलेल्या हजारो मुलांच्या गुणांकडेही काही काळ संशयाने पाहिले गेले.

नियमांचा आणखी एक वाद प्रदेशाशी निगडित होता. राज्यातील वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा स्थानिक विभागाच्या व ३० टक्के अन्य विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी व गुणवंत विद्यार्थी अधिक असल्याने ही तरतूद येथील मुलांना अडचणीची वाटे. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द करण्यात आली. उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत मागास समजल्या जाणाऱ्या विभागाने संरक्षण नको, खुली स्पर्धा हवी अशी मागणी करावी, ही घटना अपवादात्मक म्हणावी लागेल. तीन दशकांपूर्वी ती कोणाच्या कल्पनेतही आली नसती.

आज ‘नीट’साठी बारावीत किमान गुण पुरेसे असल्याने अनेक विद्यार्थ्यांचे महाविद्यालयाशी नाते नावनोंदणी व प्रात्यक्षिके एवढ्यापुरते उरले आहे. वर्गाचे शुल्क, खोलीभाडे व खाणावळ ह्यांसाठी शेत विकणारे वा कर्ज काढणारे पालक दोन्ही शहरांत आढळतात, आणि दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षेस बसणाऱ्या मुलांची संख्याही मोठी आहे. यादीत न आलेल्यांची नोंद कोणतीही संस्था ठेवत नाही. शाहू व दयानंद महाविद्यालयांतील अकरावी विज्ञानाचा प्रवेश अद्याप प्रतिष्ठेचा समजला जातो. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत एकाच विद्यार्थ्याचे छायाचित्र महाविद्यालयाच्या जाहिरातीत, लातूरच्या शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत आणि कधीकधी नांदेडच्या वर्गाच्या जाहिरातीतही झळकते.