बॉटची गर्दी आणि छोटा सर्व्हर : तीस वर्षांतले तीन टप्पे

समजा, नारायण पेठेतल्या भाड्याच्या खोलीत, जुन्या कम्प्युटरवर तुम्ही तुमचा डेटासेट स्वतःच होस्ट केलाय. खरे वाचक रोजचे पाच-पन्नास. पण लॉग उघडला तर विनंत्या हजारो, बहुतेक बॉटच्या, आणि वाचकाला पेज काही उघडत नाही. हा प्रश्न नवा नाही. त्याचा इतिहास पाहिला की कोणता उपाय कुठे तोकडा पडतो ते कळतं.

पहिला टप्पा विनंतीचा. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी रोबोट्स डॉट टीएक्सटी सुचवली : सर्व्हरवर एक साधी फाइल, तिच्यात बॉटने कुठे जाऊ नये ते लिहायचं. तेव्हा क्रॉलर मोजकेच होते, त्यामुळे हे चाललं. २०२२ मध्ये ही पद्धत आरएफसी ९३०९ म्हणून औपचारिक झाली. पण हे नियम म्हणजे प्रवेशावरचं कुलूप नव्हे, हे त्यातही स्पष्ट आहे. ऐकायचं की नाही, ते बॉटच ठरवतो.

दुसरा टप्पा मोजणीचा. याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कोविन. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं आणि स्लॉट शोधायला अनेकांनी स्क्रिप्ट लिहिल्या. मग सार्वजनिक एपीआयवर एका आयपीमागे पाच मिनिटांत १०० विनंत्या ही मर्यादा आली. शिवाय माहिती कॅशमधून, अर्ध्या तासापर्यंत जुनी मिळू लागली. एनजिनएक्समध्ये हे दोन्ही उपाय तुम्हालाही करता येतात. अडचण अशी की अख्ख्या हॉस्टेलचा आयपी एकच असू शकतो, तर आजचे क्रॉलर हजारो आयपींवरून एकेकच विनंती पाठवतात. म्हणजे सापडतो साधा वाचक, बॉट निसटतो.

तिसरा टप्पा किमतीचा. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच, स्पॅम ईमेलसाठी, ही कल्पना मांडली होती : पाठवणाऱ्याला आधी थोडं गणित करायला लावा. २०२५ च्या सुरुवातीला झी यासो यांच्या गिट सर्व्हरवर ॲमेझॉनच्या क्रॉलरचा भार आला. तेव्हा त्यांनी याच कल्पनेवर ‘अनुबिस’ हे साधन बनवलं. ब्राउझर आधी हॅशचं कोडं सोडवतो, मगच पेज मिळतं. एका वाचकाला हे थोडक्यात निभतं, लाखो पानं उपसणाऱ्याला महागात पडतं. पण जुना फोन रखडतो, आणि जावास्क्रिप्ट बंद असेल तर वाचक बाहेरच राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी कॅश, मग मर्यादा, आणि कोडं फक्त सर्च किंवा डेटाबेससारख्या जड पानांवर. पूर्ण डेटासेटची एक झिप फाइल वेगळी द्या, म्हणजे सभ्य बॉटला पानं चाळावी लागणार नाहीत.

आणि उद्या प्रबंधासाठी तुम्हीच स्क्रॅपर लिहाल, तेव्हा दोन विनंत्यांमध्ये थोडं थांबा आणि यूजर-एजंटमध्ये तुमचा ईमेल द्या. पलीकडचा सर्व्हरही कुणाच्या तरी खोलीतलाच असू शकतो.